शुक्रवार म्हणजे शुक्रवार

मधली ही कुणाची मधली बहीण नव्हती. आईबापांची एकुलती एक होती. नवीन माणूस मात्र हमखास फसायचा आणि थोरली काय करते, धाकटी कितवीत आहे, अशी चौकशी करायचा. मग घरातलं कुणीतरी हसत हसत सांगायचं, की बाबा रे, ही दोन बहिणींच्या मधली नव्हे, ही आई आणि मामाच्या मधली.

आई आणि मामा या बहीणभावांचा मिळून ढकलगाड्यांचा कारखाना होता. हॉस्पिटलात औषधं फिरवतात त्या, हॉटेलात चादरी नेतात त्या, वाचनालयात पुस्तकं लावायला लागतात त्या. कारखाना म्हणजे पत्र्याची एक उंच शेड. एका टोकाला पाइप कापायचं यंत्र, मध्ये वेल्डिंगची टेबलं, दुसऱ्या टोकाला रंगाची भट्टी आणि दाराशेजारी चाकांची खोकी. आई गाड्या बनवायची, मामा त्या विकायचा. मामासाठी शेडच्या कोपऱ्यात काचेची भिंत घालून ऑफिस केलं होतं. काचेच्या अलीकडे आई, वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर ढकललेला. पलीकडे मामा, फोन कानाला चिकटलेला. दोघं दिवसभर एकमेकांना दिसायची आणि कामाबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायची नाहीत.

कामाचं सोडून बाकी सगळं बोलायची, हे विशेष. दुपारी एकाच टेबलावर जेवायची, एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करायची, नातेवाइकांना सोबत नावं ठेवायची. ताटातला शेवटचा तुकडा ताई भावाला वाढायची आणि भाऊ मुकाट खायचा. पण गाडीचा विषय निघाला, की आई पाण्याच्या तांब्याकडे बघून म्हणायची, "ऑफिसला कुणीतरी सांगा, चाकं अजून आलेली नाहीत." मामा भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचा, "कारखान्याने काळजी करू नये, उद्या येतील." लेकी बोले सुने लागे म्हणतात ते निदान दोन जिवंत माणसांत तरी चालतं. इथे तांब्या आणि घड्याळ.

याचं मूळ एका जुन्या रंगात होतं. मधली नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मामाने एका गिऱ्हाइकाला हिरव्या गाड्या कबूल केल्या आणि आईच्या भट्टीतून निळ्या निघाल्या. कुणी कुणाला काय सांगितलं होतं, याचा निकाल आजवर लागलेला नाही. मामा गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "कारखान्याची चूक." आई तिथेच उभी होती. संध्याकाळी हात धुताना एवढंच म्हणाली, की यापुढे ऑफिसला कारखान्याशी बोलायचं असेल तर मध्ये कुणीतरी ठेवावं. मध्ये ठेवायला घरात एकच माणूस रिकामं होतं आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

तेव्हापासून मधली काचेच्या दारातून आत-बाहेर करत वाढली. निरोप जसाच्या तसा पोचवला तर आग लागते, हे तिला बाराखडीच्याही आधी कळलं. मामा म्हणाला, "विचार त्या कारखान्याला, झोपलाय का?" तर ती आईला सांगायची, "मामा विचारतोय, काही मदत हवी का?" आई म्हणाली, "सांग त्याला, तोंडाने गाड्या होत नसतात," तर काचेपलीकडे पोचायचं, "आई म्हणते, थोडा वेळ लागेल." पुढे तिने दिवसांनाही हात घातला. गिऱ्हाइकाला माल शुक्रवारी हवा असला, तर ती आईला बुधवार सांगायची. आईने बुधवार कबूल केला, की मामाला शुक्रवार सांगायची. मध्ये दोन दिवसांची उशी. कुणाचं डोकं आपटलंच तर उशीवर आपटावं, इतका साधा हिशेब. गाड्या वेळेवर जात राहिल्या आणि सगळे म्हणत राहिले, की या भावाबहिणीचं कसं न बोलता जमतं बघा.

बारावीनंतर मधलीने विद्यापीठात जो अभ्यासक्रम निवडला, त्याचं नाव एका दमात घेता येत नसे. अर्धी इंजिनीअरिंग, अर्धा व्यवसाय, दोन्हींची मिळून एक पदवी. सकाळी यंत्रांची रचना, दुपारी बाजारपेठ. सकाळी पोलाद किती वाकतं ते शिकायचं, दुपारी गिऱ्हाईक किती वाकतं ते. इंजिनीअरिंगची मुलं यांना दुकानदार म्हणायची, व्यवसायवाली मुलं पान्हेवाले. कॅन्टीनमध्ये यांचं टेबल वेगळं होतं, बरोबर मधलं. मधलीला पहिल्याच दिवशी तिथे घरी आल्यासारखं वाटलं. लोक पाच वर्षं शिकून जे करणार होते, ते ती दुधाचे दात पडल्यापासून करत होती. फक्त प्रमाणपत्र राहिलं होतं.

आत्याला हे पटलं नव्हतं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं ती चारचौघांत म्हणाली. मधलीचे बाबा शिंपी होते आणि कारखान्याच्या राजकारणात कधीच पडायचे नाहीत. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता बहिणीला विचारलं, "तू घातलायस त्या कोटाची कॉलर कशाची शिवलीय, माहितीय?" आत्याने कॉलर चाचपून पाहिली, जोडलेले तुकडे हाताला लागले आणि तिने विषय बदलला.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक खरंखुरं काम करायचं होतं. चालत्या कारखान्यात किंवा दुकानात जायचं, तिथली एक गोष्ट बदलायची आणि ती बदललेली गोष्ट परीक्षकांसमोर चालवून दाखवायची. चालली तर पदवी, नाही चालली तर पुन्हा एक वर्ष. प्रत्येकाला मार्गदर्शक दोन, आणि तेच परीक्षक. मधलीला मिळालेले सर इंजिनीअरिंगच्या इमारतीत बसायचे आणि मॅडम व्यवसायाच्या. दोन्ही इमारतींच्या मध्ये गाड्या लावायचं मैदान. सर म्हणायचे, "मॅडमना सांग, मोजमाप नसेल तर मी सही करणार नाही." मॅडम म्हणायच्या, "सरांना सांग, तुमची मोजमापं शेवटी माणसंच वापरतात." पहिल्यांदा हे ऐकून निरोप घेऊन निघालेली मधली त्या मैदानाच्या मधोमध थांबली आणि एकटीच हसली. पायांना रस्ता पाठ होता.

कोणती गोष्ट बदलायची, हे तिला शोधावं लागलंच नाही. आपल्याच कारखान्यात दोन खोल्यांमधलं बोलणं एका पोरीच्या जिभेवरून चालतं, ही काही पद्धत नव्हे. तिने काचेच्या दाराशेजारी एक मोठा पांढरा फळा लावला, ऑफिसातूनही दिसेल आणि शेडमधूनही. त्यावर प्रत्येक ऑर्डरपुढे एकच गोष्ट लिहायची: ट्रक कोणत्या वारी निघणार. निरोप नाही, उशी नाही. जे खरं तेच फळ्यावर. आई आणि मामा दोघांनी फळ्याकडे बघून मान डोलावली. इतक्या पटकन डोलावली, की मधलीला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आपल्या हातचं काम आवडलं असलं, की माणूस शंकेला दारातच उभं करतं.

पहिलीच ऑर्डर मोठी होती. गावात नवीन हॉस्पिटल उघडणार होतं, त्यांच्या सगळ्या मजल्यांच्या गाड्या. मधलीने फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: हॉस्पिटल, शुक्रवार. परीक्षकांनाही तिने शुक्रवारचंच बोलावलं. ट्रक भरताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणजे तोंड वाजवायची गरजच नाही. आणि ती निर्धास्त मनाने शेवटच्या तासांना विद्यापीठात गेली.

बुधवारी दुपारी ती शेडमध्ये पाय टाकते, तो भट्टी थंड. गाड्यांचे सांगाडे वेल्डिंग होऊन रांगेत उभे, पण रंगाचा पत्ता नाही. आई पाय पसरून बसली होती आणि भट्टीवाल्या काकांशी निवांत गप्पा मारत होती. मधलीने विचारलं, तर आईने तिला समजावल्यासारखं सांगितलं, की अगं, एवढी काय घाई, फळ्यावर शुक्रवार आहे म्हणजे खरा सोमवार असणार. तू लहानपणापासून दोन दिवस आधीचं सांगतेस, मला काय माहीत नाही होय? शुक्रवारात दोन मिळवले की रविवार, रविवारी ट्रक नसतो, म्हणजे सोमवार.

मधली काचेपलीकडे गेली. मामा खुशीत होता. त्याने नुकताच ट्रकवाल्याला फोन केला होता, उद्याच ये म्हणून. हॉस्पिटलला एक दिवस आधी माल मिळेल, नाव होईल. उद्या कसं, म्हणून मधलीने विचारलं, तर तो डोळे मिचकावून म्हणाला, की तुझी आई शुक्रवार म्हणते तेव्हा तिच्या पदराला दोन दिवस बांधलेले असतात, ते काय आज कळलं मला? माल आजच तयार असणार. तरी मी एक दिवस तिला सोडला, थोरली बहीण आहे म्हणून.

मधली दारात येऊन उभी राहिली. एक पाय ऑफिसात, एक शेडमध्ये. फळ्यावर शुक्रवार लिहिलेला होता, आणि तो वाचून एक माणूस सोमवारकडे निघालं होतं आणि दुसरं गुरुवारकडे. उशी काढून घेतली होती, पण वर्षानुवर्षं उशीवर निजलेल्या माना तिरक्या झाल्या होत्या, त्यांचं काय?

तिच्या जिभेवर वाक्यं आपोआप येऊन बसली. सवयीची वाक्यं. आईला सांगायचं, ट्रक आज रात्रीच येतोय. आई त्यात आपले दिवस मिळवेल आणि शुक्रवारच्या सुमाराला काम उरकेल. मामाला सांगायचं, भट्टी बिघडलीय. तो ट्रक एक दिवस पुढे ढकलेल. दोन थापा, आणि शुक्रवार जागच्या जागी बसेल. परीक्षक येतील, ट्रक भरलेला बघतील, फळ्याची वाहवा करतील, पदवी हातात. कुणाला कळणारही नाही.

कळणार नाही, हे खरं होतं. पण मग शुक्रवारी परीक्षकांना दाखवायचं काय? फळा नव्हे. मधलीला दाखवायचं, फळ्यामागे लपवून. पाच वर्षं ज्या दोन विद्या शिकली, त्यांतली एक सांगत होती, की यंत्रातला कोणता भाग बिघडलाय ते आधी शोध. दुसरी सांगत होती, की एकाच माणसावर चालणारा धंदा हा धंदा नव्हे. दोन्हीकडून बोट तिच्याकडेच येत होतं, आणि गंमत म्हणजे तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. बिघाड सापडला, की दुरुस्ती अर्धी झालेली असते.

तिने मामाला ऑफिसातून बोलावलं आणि आईला गप्पांतून उठवलं. दोघांना फळ्यासमोर समोरासमोर उभं केलं. आईला सांगितलं, की मामाने ट्रक उद्या बोलावलाय. मामाला सांगितलं, की गाड्यांना अजून रंग लागलेला नाही. जसंच्या तसं, काटछाट न करता, आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाली, "फळ्यावरचा शुक्रवार हा शुक्रवारच आहे. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काढलेलं नाही. आता तुमचं तुम्ही बोला."

"हिला म्हणावं, विचार ऑफिसला, कुणाला विचारून ट्रक बोलावला?" आई फळ्याला म्हणाली.

"हिला म्हणावं, सांग कारखान्याला..." मामाने सुरुवात केली.

पाइप कापायच्या यंत्राशेजारी खिळ्यावर जाड लाल झाकणं टांगलेली असायची, कानांवर चढवली की जगाचा आवाज बंद. कारखान्यात सगळे त्याला कानटोपी म्हणायचे. मधलीने खिळ्यावरची कानटोपी काढली, नीट दोन्ही कानांवर बसवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

पुढचं तिने फक्त पाहिलं. मामाचं तोंड तिच्याकडे बघून हललं. तिने कानांकडे बोट दाखवलं. आईचं तोंड हललं. तिने पुन्हा बोट दाखवलं. दोघं थोडा वेळ तशीच उभी राहिली, लग्नात फोटोसाठी उभी केलेली नावडती पाहुणे मंडळी उभी राहतात तशी. भट्टीवाले काका हातातला ब्रश पुसत होते, तो पुसतच राहिले. मग आई वळली आणि मामाच्या तोंडावर काहीतरी म्हणाली. बरंच म्हणाली. हात भट्टीकडे गेला, मग रंगांच्या डब्यांकडे, मग कुठेतरी खूप मागे, शेडच्या भिंतीपलीकडे. मामाने कपाळाला हात लावला. मग तो बोलू लागला आणि आईचे डोळे बारीक झाले. एकदा दोघांचे हात एकाच वेळी वर गेले आणि मधलीला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात आईचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय हे कानटोपीतून कळेना. मामाचा चेहरा बघून कळलं, की हसतेय.

आईने येऊन स्वतःच्या हाताने तिची कानटोपी काढली.

"या शहाण्याने ऑर्डरच्या कागदावर दोन रंग लिहिलेत," ती म्हणाली. "अर्ध्या हिरव्या, अर्ध्या निळ्या. म्हणून मी याला आत्ता म्हणत होते, शुक्रवारपर्यंत होणं शक्य नाही. एक रंग झाला की भट्टी निववायची, धुवायची, पुन्हा तापवायची. आणि आता हा सांगतोय, गिऱ्हाइकाला रंगाचं काहीच नाही!"

"मला वाटलं, तुलाच दोन हवे असतील," मामा म्हणाला. "मागे एकच लिहिला तर केवढं झालं. म्हटलं, दोन्ही लिहून ठेवावेत. एक तरी बरोबर येईल."

"मग विचारायचं नाहीस?"

"कुणाला, घड्याळाला?"

आणखी बोलण्यातून आणखी निघालं. हॉस्पिटलचा शुक्रवारी फक्त तळमजला उघडणार होता, वरच्या मजल्यांच्या गाड्या पुढच्या आठवड्यात गेल्या तरी चालणार होत्या. मामाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मधलीलासुद्धा नाही, कारण तिला तो फक्त वार सांगायचा. मधली ऐकत होती आणि मनातल्या मनात आपल्या जिभेला नमस्कार करत होती. इतकी वर्षं दिवस मागेपुढे करून तिने दोन्ही खोल्या शांत ठेवल्या होत्या आणि त्या शांततेत अशा किती गोष्टी बुडाल्या असतील, देव जाणे.

मामाने तिथेच उभं राहून ट्रकवाल्याला फोन केला आणि तो शुक्रवारवर आणला. भट्टीवाल्या काकांनी विचारलं, की मग एकच रंग करायचा तर कोणता. मामा पटकन म्हणाला, निळा चालेल. आईने डब्यांची झाकणं उघडून पाहिली आणि एक डबा पायाने काकांकडे सरकवला.

"हिरवा काढा," ती म्हणाली. "कबूल केलेला आहे."

मामा ऑफिसात गेला. जाताना त्याने काचेचं दार लावलं नाही.

शुक्रवारी सकाळी सर आणि मॅडम आले, दोघं वेगवेगळ्या मोटारींतून. शेडमध्ये तळमजल्याच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, ओल्या पानासारख्या हिरव्यागार, चाकं लागलेल्या. ट्रक दारात पाठ करून लावलेला होता. मधलीने दोघांना फळ्यासमोर आणलं आणि पहिलंच वाक्य असं टाकलं, की भट्टीवाले काका दचकले. ती म्हणाली, की हा फळा चालला नाही.

मग तिने सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, दोन रंग, सगळं. शरमेने नाही, गाडीचं चाक का डगमगतं हे सांगावं तितक्या सरळ. खरी तारीख फळ्यावर लिहिली म्हणून खरी वाचली जात नाही. वाचणारा आपली सवय तिच्यात मिसळूनच वाचतो. म्हणून बदल फळ्याचा नव्हे, बदल एका नियमाचा. सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी बनवणारा आणि विकणारा फळ्यासमोर उभे राहून एकमेकांना विचारणार, आणि मध्ये कुणी उभं राहणार नाही. नियम काल आणि आज पाळला गेला होता. काल भांडण झालं होतं. आज थोडं कमी झालं होतं.

मॅडमनी विचारलं, की तू उद्या नोकरीला लागून निघून गेलीस तर? मधलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मागे आई आणि मामा चाकांच्या एका खोक्यावरून एकमेकांशी कडाकडा बोलत होती. ताई, ही ब्रेकवाली चाकं आहेत, बघ. अरे बघितली, मीच मागवली, आधी उचल ते टोक. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांच्या ओठांचा कोपरा वर गेला होता.

सर मात्र फळ्यासमोर विचारात पडले होते. नियम ठीक, पण तो मोजायचा कसा, हे त्यांच्या मनात घोळत होतं. थोड्या वेळाने ते मधलीकडे वळले. मॅडम त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"मॅडमना सांग," सर म्हणाले, "गुण द्यायला माझी हरकत नाही, पण यात मोजण्यासारखं काय आहे, ते त्यांनी सांगावं."

"सरांना सांग," मॅडम वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "की..."

मधलीने हात लांब केला आणि खिळ्यावरची कानटोपी काढली. पलीकडे ट्रकच्या फळीवर चढलेल्या आईने ते पाहिलं आणि मामाला कोपराने ढोसलं. मधलीने कानटोपी नीट दोन्ही कानांवर बसवली, हाताची घडी घातली आणि आपल्या परीक्षकांकडे अगदी आदराने बघत उभी राहिली.

सरांचं तोंड हललं. तिने कानांकडे बोट दाखवलं. मग सर हळूहळू, जड दार ढकलावं तसे, मॅडमकडे वळले.